जगात भारत नाही, आणि इतर किरकोळ तक्रारी

जर्मनीत पैशांबद्दल कोणी काही लपवत नाही, ही माझी पहिली तक्रार. लपवलं असतं तर शोधून काढल्याचं समाधान तरी मिळालं असतं. इथे सगळं छापून देतात, पोस्टाने घरी पाठवतात आणि खाली 'वाचलं आणि समजलं' अशी सही घेतात. वाचल्याची सही करायला माझी हरकत नसते. त्यातल्या 'आणि'पाशी हात अडखळतो.

मी श्टुटगार्टला राहते. हा श्वाबी लोकांचा मुलूख, आणि श्वाबी माणूस काटकसरीसाठी अख्ख्या जर्मनीत प्रसिद्ध आहे. आपल्याकडे हा मान कोणत्या शहराला आहे ते सांगायला नको. मी मूळची तिथलीच. त्यामुळे पैसे साठवण्याबाबत मला इथे कोणी काही शिकवू शकलं नाही. साठवलेले गुंतवायचे ठरवलं, तिथून त्रास सुरू झाला.

युरोपीय संघाचा नियम असा की सामान्य माणसाला फंड विकताना त्याच्या हातात एक माहितीपत्रक द्यायचं, आणि ते तीन पानांपेक्षा मोठं नसावं. पत्रकाचं नाव 'बाझिसइन्फॉर्मात्सिओन्सब्लाट'. पानांवर मर्यादा आहे, नावावर नाही. पहिल्या पानावर सात चौकोन असतात, एक ते सात. एक म्हणजे जोखीम कमीत कमी, सात म्हणजे जास्तीत जास्त. जगभरच्या शेअर्सच्या फंडाला बहुधा चार मिळतात, कधी पाच. बँकेतल्या सल्लागारांना मी विचारलं, चार म्हणजे किती? ते म्हणाले, सातापैकी चार. मी म्हटलं, वाईट वर्षात माझ्या दहा हजार युरोंचे किती उरतील? ते म्हणाले, चार म्हणजे मध्यम. इतकं अचूक उत्तर मिळाल्यावर पुढे विचारणं उद्धटपणाचं ठरलं असतं.

आता २००८ साली जगभरच्या शेअर्सचा नेहमीचा निर्देशांक डॉलरमध्ये सुमारे ४० टक्के पडला होता. म्हणजे दहा हजारांचे सहा हजार. पुढे काही वर्षांनी ते भरून निघाले, पण ती काही वर्षं तुम्हाला पैशांची गरज पडता कामा नये. जोखीम या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. सांगायला दोन वाक्यं लागतात, चौकोन एकही लागत नाही.

माझी मूळ तक्रार इथेच आहे. नवख्याला शब्दाची व्याख्या सांगतात, आकार सांगत नाहीत. कोणता शब्द हजारोंचा आणि कोणता चिल्लरचा, हे ज्याचं त्याने पैसे गमावून शिकायचं. शिवाय आकार आणि शब्दाची लांबी यांचा जर्मनीत उलटा संबंध आहे.

उदाहरण देते. जोखमीवर सविस्तर बोलून झाल्यावर सल्लागारांनी खर्चाचा उल्लेख कोट चढवता चढवता केला. वर्षाला दीड टक्का. 'दीडच' असं ते म्हणाले नाहीत, पण आवाज तसा होता. शिवाय सुरुवातीला पाच टक्के प्रवेशमूल्य, म्हणजे शंभर युरो दिले की साधारण पंचाण्णवच कामाला लागतात. मी घरी येऊन हिशेब केला. खर्च वजा जाण्याआधी फंड वर्षाला ६ टक्के वाढतो असं धरू. दहा हजार युरो तीस वर्षं ठेवले आणि खर्च ०.२ टक्के असला, जसा साध्या निर्देशांक फंडाचा असतो, तर सुमारे ५४,३०० होतात. खर्च दीड टक्का असला तर सुमारे ३७,५००. प्रवेशमूल्य यात धरलेलंच नाही. फरक सोळा हजार आठशेच्या आसपास, मूळ रकमेच्या दीडपटीहून जास्त. चक्रवाढ तुमच्या बाजूने चालते असं सगळे सांगतात. ती फंड चालवणाऱ्याच्या बाजूनेही तितक्याच निष्ठेने चालते, हे सांगायची वेळ आली की लोक कोट चढवतात.

तेव्हा मी कमी खर्चाचा निर्देशांक फंड घेतला. इथे सगळे नवखे जो घेतात तोच, 'एमएससीआय वर्ल्ड'वाला. मंडळाच्या गणपतीत, कोजागरीला, कोणाच्या बारशाला गेलं तरी एकजण तरी हलक्या आवाजात सांगतो, "मी तर सरळ वर्ल्ड घेतला." मलाही नाव आवडलं. जग म्हटल्यावर काही राहून जाण्याची भीती नाही. मग यादी पाहिली. या जगात २३ देश आहेत. चीन नाही, ब्राझील नाही, भारत नाही. सत्तर टक्क्यांच्या आसपास एकटी अमेरिका आहे. आपला देश जगात का नाही असं विचारल्यावर कळलं की हा निर्देशांक विकसित बाजारांचा आहे; आपण 'उदयोन्मुख' असल्याने आपला निर्देशांक वेगळा. दोन्ही एकत्र हवे असतील तर 'ऑल कंट्री वर्ल्ड' असा आणखी एक आहे. म्हणजे जग, आणि सर्व देशांसह जग, अशा दोन वेगळ्या वस्तू दुकानात मिळतात. मी वाद घातला नाही. दर महिन्याला ठरावीक तारखेला भारत वगळून जग विकत घेते.

याची भरपाई पुण्याहून काका करतात. फोनवर पहिला प्रश्न हवामानाचा, दुसरा, "काय गं, तुमचा डॅक्स कितीवर?" डिसेंबर २०२४ मध्ये डॅक्सने, म्हणजे इथल्या शेअर निर्देशांकाने, पहिल्यांदा २०,००० ओलांडले तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. मी काकांना सांगितलं. ते प्रेमळपणे म्हणाले, "असू दे, असू दे. आमचा ऐंशी हजारांच्या वर आहे."

काकांना मी समजावायचा प्रयत्न केला की निर्देशांकाचा आकडा हा उंचीसारखा नसतो. डॅक्सने १९८७ च्या अखेरीस १,००० पासून मोजायला सुरुवात केली, सेन्सेक्सने १९७८-७९ साली १०० पासून. कोण किती उंच हे त्यातून कळत नाही, आपल्या सुरुवातीपासून कोण किती पट झालं एवढंच कळतं, तेही एक युरोत आणि एक रुपयांत. शिवाय बातम्यांमधला डॅक्स कंपन्यांचे लाभांश पुन्हा गुंतवल्याचं धरून मोजतात. सेन्सेक्समध्ये लाभांश धरत नाहीत. म्हणजे डॅक्स थोडा फुगवून सांगतो आणि तरीही मागे दिसतो. हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं असं काकांच्या आनंदावरून वाटलं.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर पूर्णविराम आणि स्वल्पविरामाचं गाऱ्हाणंही नोंदवते. जर्मन लोक हजारांपाशी टिंब देतात आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम. १.५०० म्हणजे पंधराशे, आणि ७,१२५ टक्के परतावा म्हणजे सात टक्क्यांच्या जरा वर. दुसरा आकडा वाचून नवख्या माणसाला क्षणभर जो आनंद होतो तो गुंतवणुकीतला सर्वांत मोठा आनंद असतो. पुढे असा होत नाही. त्यात यांचं 'बिलियोन' म्हणजे आपले लाख कोटी, अमेरिकेचं बिलियन यांच्या लेखी 'मिलियार्डे'. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ बिलियोन मार्क पडत होते, म्हणजे ४ लाख २० हजार कोटी. आपल्या आजोबांच्या उजळणीत अब्ज, खर्व, निखर्व आणि मग महापद्म येत असे, आणि त्याचा व्यवहारात उपयोग काय असं मुलं विचारत. त्या नोव्हेंबरात बर्लिनच्या मंडईत होता.

महागाईची व्याख्या जर्मन माणसाला सांगावी लागत नाही, ती घराण्यात चालत आलेली असते. शेअरचीही तशीच, फक्त तिला तीस वर्षंच झाली. १९९६ साली जर्मन टेलेकॉमचे शेअर जनतेला विकले गेले, २८.५० मार्कांना. जाहिरातीत मानफ्रेड क्रूग होते. दूरदर्शनवरच्या मालिकेत पोलिस निरीक्षक म्हणून घराघरांत ओळखीचा, विश्वासाचा चेहरा. मार्च २००० मध्ये भाव १०३.५० युरोपर्यंत चढला, मग जो घसरला तो घसरलाच. क्रूग यांनी २००७ साली एका मुलाखतीत लोकांची माफी मागितली. माझी शेजारीण आजही शेअर हा शब्द ऐकला की त्यांचं नाव घेते आणि दार लावते. तिची बचत बचतखात्यात असते. २०२२ साली इथली महागाई ६.९ टक्के होती आणि बचतखात्याचं व्याज जवळपास शून्य, म्हणजे त्या वर्षी तिने दर शंभरातले साडेसहा युरो कोणाच्याही जाहिरातीशिवाय गमावले. खात्यावरचा आकडा मात्र हलला नाही. याला ती सुरक्षित म्हणते. 'वास्तव परतावा' हा शब्द मी तिला सांगणार होते, पण दार लावलेलं होतं.

सांख्यिकीबद्दल माझी तक्रार जरा नाजूक आहे, कारण या देशाने तिला नोटेवर बसवलं होतं. युरो येण्याआधीच्या दहा मार्कांच्या नोटेवर गणिती गाउस यांचा चेहरा होता आणि शेजारी प्रसामान्य वितरणाची ती घंटेच्या आकाराची रेघ, सूत्रासकट. बहुतेक माणसं मधल्या उंचीची, फार उंच आणि फार बुटकी थोडी, हे ती रेघ सांगते. नोटा मात्र लोकांमध्ये त्या रेघेप्रमाणे वाटल्या गेल्या नाहीत. जर्मन मध्यवर्ती बँकेच्या २०२१ च्या पाहणीत कुटुंबांची निव्वळ संपत्ती सरासरी ३,१६,५०० युरो निघाली. मध्यक निघाला १,०६,६००. सरासरी म्हणजे सगळ्यांची बेरीज करून समान वाटली तर येणारा आकडा. मध्यक म्हणजे सगळ्यांना संपत्तीच्या चढत्या क्रमाने ओळीत उभं केलं तर अगदी मधल्या कुटुंबाकडे असलेली रक्कम. दोन आकड्यांत तिपटीचा फरक, कारण ओळीच्या टोकाला जे उभे आहेत त्यांच्यामुळे बेरीज फुगते आणि मधला माणूस जागच्या जागी राहतो. निम्मी कुटुंबं १,०६,६०० च्या खाली आहेत. पण वर्तमानपत्रात वाचून त्यांना वाटतं की आपण तीन लाखांच्या खाली आहोत.

सरासरी आणखी एका ठिकाणी फसवते. एका वर्षी फंड ५० टक्के वाढला, पुढच्या वर्षी ५० टक्के पडला. सरासरी परतावा शून्य. शंभराचे आधी दीडशे झाले, मग पंचाहत्तर. शून्य टक्के मिळून पंचवीस युरो गेले. प्रमाण विचलन नावाचा शब्द असतो, ज्याला पत्रकात 'व्होलाटिलिटी' म्हणतात, तो हेच मोजतो: सरासरीपासून दरवर्षी किती लांब उड्या. उड्या जितक्या लांब तितका सरासरी आणि हातातली रक्कम यांत फरक जास्त. सल्लागारांनी मला दोन फंडांची सरासरी दाखवली होती. उड्यांसाठी दुसरं पान होतं, ते प्रिंटरमध्ये अडकलं.

प्रिंटर दुरुस्त होईपर्यंत त्यांनी मला बाउश्पारफरट्रागबद्दल सांगितलं. ही खास इकडची चीज. १९२१ साली इथून जवळच, व्युस्टेनरोट नावाच्या गावात, गेओर्ग क्रोप यांनी आपलं घर बांधू पाहणाऱ्या मंडळींची संघटना काढली. त्यातून देशातली पहिली 'बाउश्पारकासं' उभी राहिली. कल्पना अशी: आपण सगळे थोडं थोडं भरत राहायचं, ज्याचा क्रमांक लागेल त्याला कमी व्याजात घरासाठी कर्ज, तो फेडेल त्यातून पुढच्याला. सल्लागार हे फार सावकाश, चित्र काढून समजावत होते. मी म्हटलं, कळलं, भिशी. त्यांना कळलं नाही. भिशी मीही चित्र काढून समजावली. ते म्हणाले, यात करार लागतो, आणि क्रमांक चिठ्ठीने नाही तर गुणांकनाने लागतो: किती भरलं, किती काळ भरलं. मी म्हटलं, बरं. ते म्हणाले, आणि करार करताना शुल्क असतं, साधारण एक ते दीड टक्का. मी विचारलं, भरलेल्या रकमेवर? नाही, कराराच्या पूर्ण रकमेवर. म्हणजे पन्नास हजारांचा करार केला की एकही हप्ता नीट जमा होण्याआधी पाचशे ते साडेसातशे युरो गेले. आमच्या भिशीत पहिल्या दिवशी पोहे मिळायचे.

न्याय म्हणून सांगते, समजावण्याचा हा त्रास एकदा उलट दिशेनेही झाला. जर्मनीत राहणाऱ्याला जगभरातलं उत्पन्न इथल्या करखात्याला सांगावं लागतं. आपल्याकडे अनिवासींच्या एनआरई खात्याचं व्याज करमुक्त आहे म्हणून इथे गप्प बसायचं, असा समज बऱ्याच मराठी घरांत आहे. तो चुकीचा आहे. माझं जुनं पीपीएफ खातं चालू आहे. कर सल्लागार बाईंनी विचारलं, "हे निवृत्तिवेतन आहे, बचत आहे की सरकारी रोखा?" मी म्हटलं, "हो." त्यांनी विचारलं, "पंधरा वर्षं पैसे काढता येत नाहीत?" मी म्हटलं, मधेच थोडे काढता येतात. कर्जही मिळतं. मग मुदत पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, पण अनिवासी असाल तर नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. मला इथे आल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला: फोराबपाउशाले. इथल्या प्रत्येक मराठी व्हॉट्सॲप गटात जानेवारी आला की हा शब्द संक्रांतीच्या शुभेच्छांच्या आधी येतो. "अहो, न विकताच कर कापला!" हे खरं आहे. काही फंड लाभांश हातात न देता आतल्या आत पुन्हा गुंतवतात. तुम्ही विकेपर्यंत कर पुढे ढकलला जाऊ नये म्हणून २०१८ पासून सरकार दरवर्षी एक किमान नफा झाला असं मानतं आणि त्यावर कर घेतं. मानण्याची पद्धत अशी: वर्षाच्या सुरुवातीचं फंडाचं मूल्य, गुणिले अर्थ मंत्रालयाने जाहीर केलेला मूळ व्याजदर, गुणिले ०.७. २०२३ साठी तो दर २.५५ टक्के होता. दहा हजार युरोंवर झाले २५५; त्याचे सत्तर टक्के १७८.५०. शेअर फंड असेल तर त्यातले ३० टक्के माफ, त्या माफीला 'टाइलफ्राइश्टेलुंग' असं नाव आहे, उरले १२४.९५. फंड वर्षभरात त्या १७८.५० हून कमी वाढला असेल तर तेवढाच नफा धरतात, पडला असेल तर काहीच नाही.

त्या १२४.९५ वर २५ टक्के कर. त्या करावर साडेपाच टक्के 'सोली'. हा ऐक्यअधिभार १९९१ साली एका वर्षासाठी म्हणून आला, गेला, १९९५ मध्ये पुन्हा आला. २०२१ पासून बहुतेक पगारदारांना तो माफ झाला, पण व्याज आणि शेअर्सच्या नफ्यावर तो राहिला. चर्चचे सदस्य असाल तर आमच्या राज्यात करावर आणखी आठ टक्के चर्चकर, मात्र मग मूळ कर २५ वरून २४.५१ टक्क्यांवर येतो. देवाला दिलं तर सरकार अर्धा टक्का सोडतं. मी धर्माच्या रकान्यात रेघ मारलेली असल्याने माझा दर २६.३७५. गुणाकार करा: ३२ युरो ९६ सेंट.

मानलेल्या नफ्याचे ते १७८.५० पुढे फंड विकताना नफ्यातून वजा होतात, म्हणजे त्याच नफ्यावर पुन्हा कर नाही. आणि मुख्य म्हणजे, दरवर्षी एकट्या माणसाला १,००० युरो, जोडप्याला २,००० युरो भांडवली उत्पन्न करमुक्त आहे. २०२२ पर्यंत एकट्याला ८०१ होतं. तो वरचा एक कुठून आला याच्या मागे मी लागले नाही. बँकेला त्याचा आदेश, 'फ्राइश्टेलुंग्सआउफट्राग', दिलेला असेल तर वरच्या सगळ्या गणिताचं उत्तर ३२.९६ नसून शून्य येतं. मी उलटा हिशेब केला: दुसरं काही व्याज नसेल तर त्या दराने फंडात सुमारे ८०,००० युरो होईपर्यंत एकट्या माणसाचं उत्तर शून्यच येतं. गटात दर जानेवारीला हळहळणाऱ्यांपैकी कितीजणांचे ऐंशी हजार आहेत हे विचारणं बरं दिसत नाही.

सल्लागार, पत्रक, चित्रफिती, गट, सगळ्यांनी मला हा शब्द फोड करून, उच्चारासह समजावला. 'तुला काही द्यायचं नाही' हे कोणी म्हणालं नाही.

तेव्हा इथे नव्याने आलेल्यांना विनंती. बँकेच्या ॲपमध्ये फ्राइश्टेलुंग्सआउफट्राग शोधा आणि भरा. करक्रमांक हाताशी ठेवा. दोन बँका असतील तर रक्कम दोघींत वाटा, बेरीज १,००० च्या वर जाऊ देऊ नका. भरायचं राहिलं तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खात्यात दहा हजारांमागे पन्नासेक युरो शिल्लक असू द्या. कापलेले पैसे पुढे विवरणपत्राबरोबर 'आनलागं काप' हा फॉर्म भरून परत मागता येतात. आणि ज्या दिवशी फॉर्म भराल त्याच दिवशी आपल्या फंडाचा वार्षिक खर्च किती टक्के आहे तेही पाहून घ्या. तो आकडा बहुधा पत्रकाच्या दुसऱ्या पानावर, तळाकडे असतो.